‘हाउंड डॉग’ची वाटणी

एल्विस प्रेस्लीने ‘हाउंड डॉग’ हे गाणे चोरले, असे म्हणणे आता जवळजवळ रूढ झाले आहे. विली मे थॉर्नटन, जिला सगळे ‘बिग मामा’ म्हणत, ही अलाबामातली कृष्णवर्णीय गायिका. तिने हे गाणे १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले, चार वर्षांनी मिसिसिपीत जन्मलेल्या एका गोऱ्या तरुणाने ते पुन्हा गायले, त्याला कीर्ती आणि संपत्ती मिळाली आणि तिच्या हाती, तिनेच पुढे सांगितल्याप्रमाणे, पाचशे डॉलरचा एक धनादेश तेवढा पडला. इतके सांगून झाले की ऐकणाऱ्याचा निवाडा तयार असतो. तो निवाडा मला मान्य नाही. थॉर्नटनवर अन्याय झाला याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या कोणी ते गाणे पुन्हा गायल्यामुळे तो झाला, असे पुराव्यावरून दिसत नाही. गाणे रचणाऱ्याला हक्क आणि ते गळ्यातून उभे करणाऱ्याला एकवार मजुरी, अशी जी वाटणी कायद्याने आणि करारांनी ठरवून ठेवली होती, तिच्यामुळे तो झाला, आणि अमेरिकन रेडिओवर ती वाटणी आजही कायम आहे. चोरीची भाषा वापरली की एक माणूस आरोपी ठरतो आणि ही व्यवस्था मात्र निर्दोष सुटते.

गाण्याच्या जन्माची हकीकतच या सरळसोट कथेला पुरती बसत नाही. १३ ऑगस्ट १९५२ रोजी लॉस एंजेलिसमधील रेडिओ रेकॉर्डर्स या स्टुडिओत ते प्रथम ध्वनिमुद्रित झाले. शब्द जेरी लीबरचे आणि संगीत माइक स्टोलरचे; दोघेही तेव्हा एकोणीस वर्षांचे, ज्यू कुटुंबांतले आणि ब्लूजने झपाटलेले. त्यांना थॉर्नटनची तालीम ऐकायला बोलावणारा वाद्यवृंदप्रमुख जॉनी ओटिस हा ग्रीक स्थलांतरितांचा मुलगा, पण आयुष्यभर कृष्णवर्णीय समाजाचाच होऊन राहिलेला. ध्वनिमुद्रिका काढणारी ‘पीकॉक’ ही ह्यूस्टनची कंपनी डॉन रोबी या कृष्णवर्णीय उद्योजकाच्या मालकीची. म्हणजे ज्या कंपनीने थॉर्नटनला पाचशे डॉलरवर वाटेला लावले, ती गोऱ्यांची नव्हती. यातून वंशभेदाचा प्रश्न नाहीसा होत नाही, त्याकडे पुढे वळूच. पण गोऱ्याने काळ्याला लुटले एवढ्यात हिशेब संपत नाही, हे आधी नोंदवायला हवे.

मूळ गाण्यात एक बाई आपल्या जिवावर जगणाऱ्या, दाराशी घुटमळणाऱ्या पुरुषाला घराबाहेर काढते आहे. थॉर्नटनने ते ज्या आवाजात गायले, त्यात गुरगुरणे आहे, तुच्छता आहे, आणि मधल्या जागेत गिटारवादक पीट लुइसला उद्देशून केलेली मोकळी, खट्याळ चिथावणी आहे. शेवटी वादक कुत्र्यांसारखे भुंकतात आणि केकाटतात. यातले कागदावर किती होते? लीबरच्या सांगण्यानुसार तिने आधी ते संथ, गोड करून गायला सुरुवात केली, तेव्हा त्याने तिला ते कसे म्हणायचे हे गाऊन दाखवले. थॉर्नटनचे म्हणणे असे की शब्द त्यांचे, पण त्यातले आरोळ्या ठोकणे आणि ऐन वेळची भर तिची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकणाऱ्या कोणालाही हे कळते की त्या तीन मिनिटांतला निम्मा ऐवज कुठल्याही स्वरलिपीत बसणारा नाही. आणि नेमका तोच निम्मा भाग कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच नव्हता.

१९५३ च्या आरंभी ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि ‘बिलबोर्ड’च्या रिदम अँड ब्लूज यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. मग भांडणे सुरू झाली, आणि ती सारी कागदावरून झाली. मेम्फिसच्या ‘सन’ कंपनीचा मालक सॅम फिलिप्स याने त्याच चालीवर ‘बेअर कॅट’ नावाचे उत्तरादाखल गाणे रचून ते रूफस थॉमस या कृष्णवर्णीय गायकाकडून गाऊन घेतले. रोबीने खटला भरला आणि फिलिप्सला माघार घ्यावी लागली. लीबर आणि स्टोलर यांना रोबीने बाराशे डॉलरचा धनादेश दिला, तो वटलाच नाही. त्या कडू अनुभवानंतर दोघांनी स्वतःचीच कंपनी काढली. ओटिसने आपण सहरचनाकार असल्याचा दावा पुढे न्यायालयात नेला आणि १९५७ मध्ये तो न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला. या साऱ्या खटल्यांत गाण्याचे मालक, प्रकाशक आणि मालकीचे दावेदार एकमेकांसमोर उभे होते. थॉर्नटन त्यांपैकी एकाही खटल्यात पक्षकार नव्हती, कारण दावा सांगण्यासारखे तिच्या हाती कायद्याने काही ठेवलेच नव्हते.

प्रेस्लीपर्यंत गाणे पोहोचले ते थॉर्नटनकडून नव्हे. फिलाडेल्फियाच्या फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज या गोऱ्या मंडळीने १९५५ मध्ये त्याचे शब्द बदलून, त्यातला लैंगिक उपरोध काढून टाकून आणि सशाच्या शिकारीची एक ओळ घालून नाचता येईल असे रूप तयार केले. एप्रिल–मे १९५६ मध्ये प्रेस्ली लास वेगासला गेला, तिथे त्याचे कार्यक्रम फारसे रंगले नाहीत, पण बेलच्या मंडळीचा कार्यक्रम त्याला आवडला आणि गाणे त्याने तिथूनच उचलले. ५ जून रोजी मिल्टन बर्लच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने ते ज्या अंगविक्षेपांसह सादर केले त्यावरून देशभर गहजब झाला. १ जुलैला स्टीव्ह ॲलनने त्याला कोट-टाय घालून एका खऱ्याखुऱ्या बॅसेट जातीच्या कुत्र्यासमोर ते गायला लावले. कुत्र्याच्या नावाने पुरुषाला हाकलणारे गाणे आता कुत्र्यालाच उद्देशून म्हटले जात होते, यापेक्षा अधिक बोचरे विडंबन थॉर्नटनलाही सुचले नसते. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये एकतीस वेळा गाऊन त्याने ते ध्वनिमुद्रित केले. लीबरला नवे शब्द निरर्थक वाटले आणि ते तो आयुष्यभर बोलून दाखवत राहिला. स्टोलरला तर हे घडल्याचा पत्ताही नव्हता. तो युरोपहून ‘आंद्रेआ दोरिया’ या जहाजाने परतत होता, २५ जुलैच्या रात्री त्या जहाजाला दुसऱ्या जहाजाची धडक बसून ते बुडाले, आणि वाचून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्यावर लीबरने त्याला सांगितले की आपले गाणे कोणी प्रेस्ली नावाच्या पोराने गायले असून ते तुफान चालले आहे. शब्द आवडले नाहीत तरी पैसे त्यांना मिळाले, कारण कागद त्यांच्या नावाचा होता.

इथे चोरीचा आरोप तपासून पाहावा. डी. जे. फोंटानाच्या ढोलांची मशीनगनसारखी फैर, स्कॉटी मूरची गिटार आणि प्रेस्लीचा धावता आवाज यांचे थॉर्नटनच्या सावकाश, जड, रेंगाळणाऱ्या गायनाशी फारसे नाते नाही. तिच्या आवाजातले त्याने जवळजवळ काहीच घेतलेले नाही. जे घेतले ते बेलचे. त्यामुळे संगीत संयोजनावर आणि गाण्याच्या घडणीवर मालकी मान्य करणारा कायदा त्या वेळी असता, तर प्रेस्लीकडून पैसे वसूल करण्याचा अधिकार फ्रेडी बेलला मिळाला असता, थॉर्नटनला नव्हे. चोरीच्या सिद्धान्ताचा हा शेवट त्याच्या समर्थकांनाही पटणारा नसावा.

तरीही असा कायदा असावा अशी मागणी त्या काळी झाली होती, आणि ती करणारी व्यक्ती दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. लाव्हर्न बेकर या कृष्णवर्णीय गायिकेचे ‘ट्वीडल डी’ हे गाणे जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेने अक्षरशः हुबेहूब उतरवले, वाद्यमेळासकट. १९५५ मध्ये बेकरने डेट्रॉइटचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून संगीत संयोजनाला संरक्षण देणारा कायदा करावा अशी मागणी केली आणि आपले पंधरा हजार डॉलर बुडाल्याचा हिशेब मांडला. तिचा संताप पूर्णपणे रास्त होता. त्या काळी गोऱ्या श्रोत्यांच्या बहुतेक रेडिओ केंद्रांवर कृष्णवर्णीय गायकांच्या ध्वनिमुद्रिका वाजत नसत, दुकानांतले साठे वेगळे, लोकप्रियतेच्या याद्याही वेगळ्या. ‘बिलबोर्ड’ने आपल्या यादीचे ‘रेस रेकॉर्ड्स’ हे नाव बदलले तेच मुळी १९४९ मध्ये. अशा बाजारात गोऱ्या गळ्यातली नक्कल हा मूळ गाण्याला दारातच अडवण्याचा खात्रीचा उपाय होता. वंशभेदाचा खरा वाटा इथे आहे: गाणे पुन्हा गाण्यात नव्हे, तर कोणाचे गाणे वाजवायचे हे कातडीच्या रंगावरून ठरवणाऱ्या रेडिओत.

पण बेकरने सुचवलेला उपाय मी स्वीकारणार नाही. गाण्याच्या ढंगावर मालकी दिली की काय होते याचा नमुना २०१५ मध्ये ‘ब्लर्ड लाइन्स’च्या खटल्यात दिसला. मार्विन गे याच्या एका गाण्याचा ‘भास’ होतो एवढ्यावरून ज्यूरीने सत्तर लाख डॉलरांहून अधिक भरपाई ठरवली, ती नंतर काहीशी कमी झाली, पण निकाल टिकला. तेव्हापासून गीत प्रसिद्ध करण्याआधी ते वकिलांना ऐकवण्याची रीत अमेरिकन संगीतव्यवसायात वाढली. ब्लूज हे संगीतच मुळी एकमेकांच्या ओळी, लकेरी आणि ठेके उचलून वाढले; त्यातल्या प्रत्येक लकेरीवर मालकीची पाटी लावली असती तर थॉर्नटनला स्वतःलाच गायला जागा उरली नसती. आणि पाट्या शेवटी कोणाच्या नावावर लागल्या असत्या? गायकांच्या नव्हे, रोबीसारख्या कंपनीमालकांच्या.

म्हणून १९०९ च्या अमेरिकन कायद्यातली एक तरतूद मला अजूनही शहाणपणाची वाटते. स्वयंचलित पियानोच्या कागदी गुंडाळ्यांचा धंदा तेव्हा जोरात होता आणि एओलियन ही कंपनी प्रकाशकांशी करार करून त्यावर मक्तेदारी बसवील अशी भीती होती. त्यावर तोडगा असा निघाला की एखादे गाणे एकदा हक्कदाराच्या संमतीने यंत्रबद्ध झाले, की पुढे कोणीही प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट भरून ते यंत्रबद्ध करू शकेल; हक्कदाराला नकार देता येणार नाही. पियानोसाठी झालेल्या या तरतुदीने विसाव्या शतकाच्या संगीताचा नकाशा बदलला. ‘हाउंड डॉग’ १९५३ मध्येच लिटल एस्थरने आणि काही कंट्री गायकांनी गायले, पुढे जॉन लेनन, एरिक क्लॅप्टन यांनी गायले, आणि कोणालाही ह्यूस्टनच्या एका मालकाची मर्जी सांभाळावी लागली नाही. ही मोकळीक राहिलीच पाहिजे. दोष एवढाच होता की ते दोन सेंट जायचे रचनाकाराकडे आणि प्रकाशकाकडे, आणि आधीच्या ध्वनिमुद्रणाला, ज्यामुळे ते गाणे गाण्याजोगे आहे हे जगाला कळले, काहीच मिळत नसे. ध्वनिमुद्रणाला तर संघराज्याच्या कायद्याचे संरक्षणच अमेरिकेत १९७२ पर्यंत नव्हते.

कागदावर नाव असणे आणि नसणे यांत किती अंतर होते, हे फॅट्स डॉमिनोच्या उदाहरणावरून कळते. त्याचे ‘एन्ट दॅट अ शेम’ १९५५ मध्ये पॅट बून या गोऱ्या गायकाने धुऊन-पुसून गायले आणि ते अधिक खपले. पण गाणे डॉमिनोने डेव्ह बार्थोलोम्यूसह स्वतः रचलेले होते. बून पुढे सांगत असे की डॉमिनोने एकदा त्याला मंचावर बोलावून आपल्या बोटातली अंगठी श्रोत्यांना दाखवली आणि ही या माणसाने त्या गाण्यातून मला घेऊन दिली, असे हसत सांगितले. गोऱ्याने गाणे उचलणे तेच, बाजारातला वंशभेद तोच. फरक फक्त रचनाकाराच्या रकान्यातल्या नावाचा.

प्रेस्लीला आरोपी करायचेच असेल, तर त्यासाठी ‘हाउंड डॉग’ची तबकडी उलटावी. मागच्या बाजूला ‘डोंट बी क्रूअल’ आहे, आणि ते ओटिस ब्लॅकवेल या कृष्णवर्णीय गीतकाराने एकट्याने रचलेले असूनही त्यावर सहरचनाकार म्हणून प्रेस्लीचे नाव आहे. निम्मे श्रेय आणि निम्मी रॉयल्टी सोडली तरच गाणे प्रेस्ली गाईल, ही त्याच्या मंडळींची अट होती आणि ब्लॅकवेलने ती मान्य केली, कारण अर्ध्याचेही पैसे मोठे होते. ही दोन्ही गाणी मिळून अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. पुढच्या बाजूवर लोक सात दशके भांडत आहेत आणि मागच्या बाजूवर कागदोपत्री, सहीनिशी झालेल्या या व्यवहाराबद्दल तुलनेने कोणी बोलत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

थॉर्नटनने रचनाकार होऊन पाहिले तरी नशीब बदलले नाही. ‘बॉल अँड चेन’ हे तिचे स्वतःचे गाणे. ज्या लहान कंपनीसाठी तिने ते प्रथम ध्वनिमुद्रित केले तिने ते प्रकाशित केले नाही, मात्र हक्क आपल्याकडे ठेवले. १९६७ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात जॅनिस जॉप्लिनने ते गाऊन श्रोत्यांना थक्क केले, पुढच्या वर्षी ते प्रचंड खपलेल्या एका अल्बममध्ये आले, आणि जॉप्लिन मोकळ्या मनाने थॉर्नटनचे नाव घेत असूनही रचनेचे जे पैसे तिच्याकडे यायला हवे होते ते दुसरीकडे गेले. केवळ हक्क देऊन भागत नाही, हा याचा अर्थ. हातात रोख नसलेला कलावंत आज मिळणाऱ्या शंभर डॉलरसाठी उद्याचे हजार लिहून देतो, आणि कायदा त्याला स्वखुशीचा करार म्हणतो. म्हणून गायकाचा वाटा असा हवा की जो त्याने विकायचे ठरवले तरी विकता येणार नाही.

ही कल्पना हवेतली नाही, आणि मराठी वाचकाला ती अपरिचितही नसावी. १९६० च्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात रॉयल्टीवरून जो प्रसिद्ध बेबनाव झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. मानधन घेतले की गायकाचा संबंध संपला, असे रफींचे प्रांजळ मत होते. ध्वनिमुद्रिका खपत राहते तोवर गायकाचा तिच्यावर हक्क आहे, असे लताबाईंचे. रफींच्या मतात एक देखणा निर्मोहीपणा आहे, परंतु सार्वजनिक धोरण थोरांच्या निर्मोहीपणावर बेतता येत नाही. ते नाव नसलेल्या गायकासाठी बेतायचे असते. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनी गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येणार नाही असा केला आणि व्यावसायिक वापरात सादरकर्त्यांनाही रॉयल्टीचा हक्क दिला. या बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या पुढे आहे. पुन्हा गाण्याच्या बाबतीत मात्र तो मागे गेला. १९८० च्या दशकात सुपर कॅसेट्सने जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या स्वस्त कॅसेटींनी बाजार भरून टाकला, आणि २०१२ पर्यंत अशा आवृत्तीसाठी मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांची मुदत पुरत होती. २०१२ मध्ये ती पाच वर्षांची झाली आणि हक्कदाराच्या संमतीविना शब्दांत वा चालीत, तांत्रिक गरज सोडून, बदल करण्यास मनाई कायम राहिली. या नियमाखाली बेलचे शब्दांतर मुळात झालेच नसते आणि प्रेस्लीचे ‘हाउंड डॉग’ही नाही. गायकाला वाटा द्यावा, पण त्यासाठी गाण्याचे हातपाय बांधण्याची गरज नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेत प्रश्न अडला आहे तो रेडिओपाशी. तिथल्या नेहमीच्या रेडिओ केंद्रावर गाणे वाजले की रचनाकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात. गायकाला, वादकांना आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला काहीही नाही. युरोपातल्या बहुतेक देशांत असे नाही. रेडिओमालकांचा जुना युक्तिवाद असा की आम्ही गाणे वाजवतो ती फुकटची जाहिरात आहे, तिच्यामुळे तबकड्या खपतात. तबकड्या खपत होत्या तेव्हाही हा युक्तिवाद लंगडा होता, कारण त्यांच्या खपातून थॉर्नटनसारखीला काय मिळत होते ते आपण पाहिलेच. १९५६ मध्ये प्रेस्लीच्या यशाचा फायदा घेण्यासाठी पीकॉकने तिची मूळ ध्वनिमुद्रिका पुन्हा बाजारात आणली. ती चालली नाही, आणि चालली असती तरी मिळकत रोबीची झाली असती. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओसाठी अमेरिकेने १९९५ पासून वेगळा मार्ग धरला. तिथल्या रॉयल्टीतले ४५ टक्के मुख्य कलावंताला आणि ५ टक्के साथीदारांना, कंपनीच्या हातून न जाता थेट मिळतात, मग त्यांनी कंपनीशी कोणताही करार केलेला असो. हीच पद्धत साध्या रेडिओला लावावी, लहान केंद्रांना वार्षिक नाममात्र शुल्क ठेवावे, एवढीच ती मागणी आहे. या आशयाची विधेयके काँग्रेससमोर पुनःपुन्हा आली आणि पुनःपुन्हा अडली.

थॉर्नटनला यातून प्रेस्लीच्या खपातले पैसे मिळाले नसते, आणि मिळावेत असेही मी म्हणत नाही. तिच्या स्वतःच्या आवाजाचे, जितक्यांदा तो वाजला तितक्यांदा, मिळाले असते. २५ जुलै १९८४ रोजी लॉस एंजेलिसमधल्या एका भाड्याच्या खोल्यांच्या घरात सत्तावन्नाव्या वर्षी ती वारली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रेस्लीला १९८६ मध्ये आणि लीबर-स्टोलरला १९८७ मध्ये स्थान मिळाले. तिला २०२४ मध्ये. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना डिजिटल रॉयल्टी लागू करणारा कायदा २०१८ मध्ये झाला, त्यानुसार १९५३ च्या तबकडीवरचे संरक्षण २०६३ च्या अखेरपर्यंत चालेल. पीकॉक कंपनी रोबीने १९७३ मध्येच विकली आणि पुढच्या खरेदी-विक्रीत तो संग्रह एका बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेला आहे. मोटारीतल्या साध्या रेडिओवर ती तबकडी आज वाजली, तर अमेरिकेत पैसे निघतात ते अजूनही फक्त शब्दांचे आणि चालीचे.